सी भाषेतील सिग्नल हँडलर आणि सामायिक चल

सिग्नल हँडलर हे सी प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेले असे फंक्शन असते, ज्याला आज्ञावलीतील कोणतीही ओळ सहसा स्वतःहून बोलावत नाही. कार्यप्रणालीकडून सिग्नल, म्हणजे संकेत, आला की चालू थ्रेड जिथे असेल तिथे थांबवला जातो, हँडलर चालवला जातो आणि तो संपल्यावर थ्रेड थांबल्या जागेपासून पुढे चालू लागतो. हँडलर आणि हा खंडित झालेला थ्रेड एकाच मेमरीत काम करतात. त्यामुळे दोघांनी एकच चल वापरला तर अर्धवट लिहिलेली किंमत वाचली जाणे, बदल हरवणे, आज्ञावली कायमची अडकणे असे दोष निर्माण होतात. असे दोष चाचणीत क्वचितच सापडतात, कारण ते घडण्यासाठी सिग्नल नेमक्या एखाद्या क्षणी यावा लागतो. सामायिक चल सुरक्षितपणे कसा वापरावा याविषयी सी भाषेच्या मानकाने आणि युनिक्स प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकाने थोडे पण कडक नियम घालून दिले आहेत.

स्वरूप

टर्मिनलवर कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबल्या की चालू आज्ञावलीला सिगइंट हा सिग्नल जातो. ठरलेली वेळ संपली की सिगअलार्म येतो, उपप्रक्रिया संपली की सिगचाइल्ड येतो आणि मेमरीतील निषिद्ध पत्त्याला हात लावला की सिगसेगव्ही येतो. यांपैकी बहुतेकांसाठी आज्ञावलीला स्वतःचा हँडलर नेमता येतो. सिगकिल हा क्रमांक 9 चा सिग्नल मात्र कोणालाच अडवता येत नाही.

हिशेबाच्या नोंदी फायलीत लिहिणारी एक आज्ञावली उदाहरणादाखल घेता येईल. वापरकर्त्याने मध्येच कंट्रोल-सी दाबले तर तिने अर्धी नोंद टाकून मरू नये, हातातली नोंद पूर्ण करून, फाइल बंद करून मगच थांबावे, अशी अपेक्षा असते. यासाठीची रूढ रचना सोपी आहे. ‘थांबा’ नावाचा एक चल शून्य ठेवायचा, हँडलरने तो 1 करायचा आणि मुख्य लूपने प्रत्येक नोंदीनंतर तो तपासायचा. खूण म्हणून वापरलेल्या अशा चलाला फ्लॅग म्हणतात. तो साधा पूर्णांक म्हणून घोषित केला, तर ही सोपी रचनाही बिघडू शकते.

दोन थ्रेड एकाच वेळी चालतात तेव्हाही सामायिक चलाचा प्रश्न येतो. परंतु हँडलरचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. दोन थ्रेडपैकी एक थांबला तरी दुसरा पुढे जाऊ शकतो. हँडलरच्या बाबतीत खंडित झालेला थ्रेड हँडलर संपेपर्यंत तसूभरही पुढे जात नाही. त्याने जे काम अर्धे सोडले असेल ते हँडलरच्या दृष्टीने अर्धेच राहते. वाट पाहून ते पूर्ण होणार नाही.

कंपायलरचा वाटा

कंपायलर आज्ञावली वेगवान करण्यासाठी तिची पुनर्रचना करतो. लूपच्या आत ‘थांबा’ बदलणारे काहीही त्याला दिसले नाही, तर तो चलाची किंमत एकदाच वाचून प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये ठेवतो. पुढे हँडलरने मेमरीतील किंमत बदलली, तरी लूप रजिस्टरमधील जुनी किंमतच पाहत राहतो आणि कधीही थांबत नाही. यात कंपायलरची चूक नाही. सिग्नल कधी येईल हे त्याला ठाऊक नसते, आणि भाषेच्या नियमांप्रमाणे साध्या चलाच्या बाबतीत त्याने ते गृहीत धरण्याची गरजही नसते.

जीसीसीसारख्या कंपायलरमध्ये वेगवाढीचे पर्याय बंद असताना प्रत्येक वेळी चल मेमरीतूनच वाचला जातो. म्हणून हीच आज्ञावली शिकताना बिनबोभाट चालते आणि ओ2 पर्याय लावून संकलित केली की अडकते. लूपमध्ये दुसऱ्या फाइलमधील एखादे फंक्शन बोलावलेले असेल, तर ते फंक्शन चल बदलू शकते असे धरून कंपायलर किंमत पुन्हा वाचतो आणि दोष झाकलेला राहतो. पुढे कोणी ते बोलावणे काढून टाकले की वर्षानुवर्षे चाललेली आज्ञावली अचानक अडकते. तेव्हा दोष शोधणारा नव्या बदलाकडे बोट दाखवतो, वास्तविक दोष पहिल्या दिवसापासून तिथेच असतो.

व्होलाटाइल हा शब्द चलाच्या घोषणेत लिहिला की कंपायलरला हे स्वातंत्र्य उरत नाही. आज्ञावलीत जितके वाचन आणि लेखन लिहिले असेल तितके त्याने प्रत्यक्ष करावे लागते. हा शब्द 1989 च्या अमेरिकी मानकाने सी भाषेत आणला. मात्र त्याचा अधिकार मर्यादित आहे. वाचन किंवा लेखन एका दमात होईल असे तो सांगत नाही, आणि व्होलाटाइल नसलेल्या इतर चलांवरील कामे त्याच्या अलीकडे-पलीकडे सरकवण्यासही मज्जाव करत नाही. व्होलाटाइल लिहिले म्हणजे सर्व सुरक्षित झाले हा या विषयातील सर्वांत रूढ गैरसमज आहे.

अर्धी किंमत आणि हरवलेली वाढ

32 बिटांच्या प्रोसेसरवर 64 बिटांचा चल सामान्यतः दोन तुकड्यांत लिहिला जातो. मोजणी करणाऱ्या अशा चलात 4,29,49,67,295 ही किंमत असेल, तर खालचे 32 बिट सर्व 1 आणि वरचे 32 बिट सर्व 0 असतात. तीत एक मिळवला की खालचे सर्व बिट 0 होतात आणि वरच्या भागात 1 येतो. खालचा भाग लिहून झाला आणि वरचा लिहिण्याआधी सिग्नल आला, तर हँडलरला किंमत 0 दिसते. क्रम उलटा असेल तर 8,58,99,34,591 दिसते. या दोन्ही किमती चलात कधीच ठेवलेल्या नव्हत्या. चल व्होलाटाइल असला तरी हेच घडते.

अर्डुइनो उनो या शिकाऊंच्या आवडत्या पाटीवर हीच अडचण अधिक लवकर भेटते. तिच्यावरील प्रोसेसर 8 बिटांचा आहे आणि त्यावर साधा पूर्णांक 16 बिटांचा असतो. त्यामुळे अगदी साधा पूर्णांकसुद्धा दोन खेपांत वाचला जातो. तिथे सिग्नल नसतात, त्यांच्या जागी यंत्राकडूनच येणारे व्यत्यय, म्हणजे इंटरप्ट, असतात. सामायिक चलाचे तत्त्व तेच राहते.

वाढ करण्यातही धोका आहे. चलाची किंमत एकाने वाढवणे ही लिहायला एक क्रिया असली, तरी तिच्यात वाचणे, मिळवणे आणि परत लिहिणे अशा तीन पायऱ्या असतात. मुख्य थ्रेडने 5 वाचले, तेवढ्यात हँडलरने येऊन चल 6 केला आणि नंतर मुख्य थ्रेडने आपले 5 अधिक 1 असे 6 लिहिले, तर दोन वाढींपैकी एक हरवते. याच्या उलट घडत नाही, कारण मुख्य थ्रेड हँडलरला मध्येच अडवू शकत नाही. दुसऱ्या सिग्नलचा हँडलर मात्र पहिल्याला अडवू शकतो, हे विसरून चालत नाही.

मानकाने दिलेली सूट

सी मानकात सिग_ॲटॉमिक_टी नावाचा एक पूर्णांक प्रकार आहे. या प्रकारच्या चलाचे एक वाचन किंवा एक लेखन सिग्नलमुळे मधोमध तुटत नाही अशी हमी मानक देते. हमी एवढीच आहे. वाढवणे, घटवणे, तपासून बदलणे या क्रिया तिच्यात येत नाहीत. हा प्रकार किती मोठा असावा याबाबतही मानक फार थोडे वचन देते. तो चिन्हयुक्त असेल तर –127 ते 127 आणि चिन्हरहित असेल तर 0 ते 255 एवढ्या किमती मावल्याच पाहिजेत. लिनक्सवरील ग्लिबसी या ग्रंथालयात तो साध्या पूर्णांकाएवढा असतो. परंतु तेवढ्यावर विसंबून त्यात मोठी संख्या ठेवणारी आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर नेता येईलच असे नाही.

फ्लॅगसाठी व्होलाटाइल आणि सिग_ॲटॉमिक_टी हे दोन्ही शब्द एकत्र लागतात. पहिला कंपायलरला आवर घालतो, दुसरा किंमत तुटू देत नाही. 1999 च्या मानकानुसार बाहेरून आलेल्या सिग्नलच्या हँडलरला स्थिर आयुष्य असलेल्या चलांच्या बाबतीत एकच गोष्ट करण्याची मुभा होती, ती म्हणजे अशा चलाला किंमत देणे. इतर कोणत्याही स्थिर चलाचा उल्लेख केला तर वर्तन अनिश्चित ठरते, म्हणजे पुढे काय होईल याची मानक कसलीही जबाबदारी घेत नाही. आज्ञावलीने रेझ किंवा अबॉर्ट या फंक्शनांनी स्वतःलाच पाठवलेल्या सिग्नलला हे बंधन लागू नाही, कारण तो कोणत्या ठिकाणी आला हे तिला ठाऊक असते.

2011 च्या मानकाने ॲटॉमिक चल आणले आणि हँडलरला कुलूपमुक्त ॲटॉमिक चल वाचण्या-लिहिण्याची परवानगी दिली. कुलूपमुक्त ही अट महत्त्वाची आहे. प्रोसेसरला एका आज्ञेत जमत नसेल तर ग्रंथालय पडद्याआड कुलूप लावून ॲटॉमिक क्रिया पार पाडते आणि हँडलरमध्ये ते कुलूपच घात करते. एखादा प्रकार कुलूपमुक्त आहे का हे ॲटॉमिक_इंट_लॉक_फ्री यासारख्या स्थिरांकांवरून कळते. त्याची किंमत 2 असेल तर तो नेहमी कुलूपमुक्त असतो, 1 असेल तर कधी कधी आणि 0 असेल तर कधीच नाही. ॲटॉमिक_फ्लॅग हा प्रकार मात्र सर्वत्र कुलूपमुक्तच असतो. अशा चलांवर वाढ आणि अदलाबदल याही क्रिया अखंड होतात, त्यामुळे वर सांगितलेली हरवणारी वाढ येथे हरवत नाही.

याच मानकाने ॲटॉमिक_सिग्नल_फेन्स हे कुंपणही दिले. समजा, मुख्य थ्रेडने एका नोंदीचे चार रकाने भरले आणि मग ‘तयार’ हा फ्लॅग 1 केला. कंपायलर रकान्यांपैकी एखादे लेखन फ्लॅगच्या नंतर ढकलू शकतो आणि हँडलरला तयार म्हणवणारी अपुरी नोंद मिळू शकते. कुंपणामुळे लेखने त्याची मर्यादा ओलांडत नाहीत. त्याच्यासाठी प्रोसेसरला वेगळी आज्ञा द्यावी लागत नाही. हँडलर त्याच थ्रेडवर चालतो आणि थ्रेडला स्वतःची कामे स्वतःच्या क्रमानेच दिसतात, म्हणून केवळ कंपायलरला थोपवणे पुरते. मानकाचा शब्द मात्र येथे स्वतःशीच थोडा विसंगत आहे. एका कलमात कुंपण दिले आहे आणि दुसऱ्या कलमात हँडलरला साधे स्थिर चल वाचण्यास मनाई आहे. काटेकोर लेखक अशा वेळी रकानेही कुलूपमुक्त ॲटॉमिक ठेवतात.

कुलूप का चालत नाही

दोन थ्रेडमधील सामायिक चलाचे रक्षण म्यूटेक्स या कुलपाने करण्याची सवय असलेल्यांना हँडलरमध्येही तेच करावेसे वाटते. मुख्य थ्रेडने कुलूप लावले असताना सिग्नल आला आणि हँडलरने तेच कुलूप मागितले, तर हँडलर मुख्य थ्रेडची वाट पाहतो आणि मुख्य थ्रेड हँडलर संपण्याची. दोघेही एकाच थ्रेडवर आहेत. ही कोंडी कधीच सुटत नाही.

हा दोष बहुधा लेखकाच्या स्वतःच्या कुलपामुळे येत नाही, कारण ते निदान डोळ्यांसमोर असते. प्रिंटएफ छपाईसाठी साठवणूक ठेवते, मॅलॉक मोकळ्या मेमरीच्या याद्या ठेवते आणि या दोहोंत आतून कुलपे असतात. मुख्य थ्रेड मॅलॉकच्या मधोमध असताना हँडलरने मॅलॉक बोलावले, तर त्या याद्या हेच सामायिक चल ठरतात, जरी आज्ञावली लिहिणाऱ्याने ते कधी घोषित केलेले नसले. म्हणून पॉझिक्स मानकाने हँडलरमध्ये निर्धास्तपणे बोलावता येतील अशा शंभराहून अधिक फंक्शनांची यादी दिली आहे. तीत राइट, किल, _एक्झिट आहेत. प्रिंटएफ, मॅलॉक, फ्री नाहीत. हँडलरमध्ये छपाई करून दाखवणारी उदाहरणे पाठ्यपुस्तकांत सर्रास आढळतात, ती या नियमाच्या विरुद्ध आहेत.

यादीतील फंक्शन वापरले तरी एररनो या सामायिक चलाचा विसर पडू नये. मुख्य थ्रेडचे एखादे काम फसले, कारण एररनोमध्ये नोंदले गेले आणि ते वाचण्याआधी हँडलरमधील राइटने त्यावर दुसरे कारण लिहिले, तर मुख्य थ्रेड चुकीच्या कारणावर उपाय करू लागतो. हँडलरने सुरुवातीस एररनो बाजूला ठेवून शेवटी परत लिहावा, असा प्रघात आहे.

ओपनएसएसएचमधील दोष

दूरच्या संगणकात सुरक्षितपणे प्रवेश देणाऱ्या ओपनएसएसएच या आज्ञावलीत 2024 मध्ये उघड झालेला दोष नेमका याच प्रकारचा होता. क्वालिस या कंपनीने 1 जुलै 2024 रोजी तो जाहीर केला. त्याचा क्रमांक सीव्हीई-2024-6387 असून तो ‘रिग्रेशन’ या नावाने ओळखला जातो. प्रवेश मागणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत, जी मूळ मांडणीत 120 सेकंद असते, ओळख पटवली नाही तर सिगअलार्म येत असे. त्याचा हँडलर घटनेची नोंद करण्यासाठी सिसलॉग हे फंक्शन बोलावत असे. ग्लिबसीमध्ये सिसलॉग आतून मॅलॉक आणि फ्री वापरू शकते. मुख्य आज्ञावली मेमरीच्या याद्या बदलत असताना सिग्नल पडेल अशी वेळ हल्लेखोराने साधली, तर अर्धवट याद्यांचा उपयोग करून त्याला संगणकाचे सर्वोच्च अधिकार मिळू शकत होते, तेही पासवर्डविना. 32 बिटांच्या लिनक्सवर संशोधकांनी हे करून दाखवले. त्यासाठी सरासरी सुमारे 10,000 प्रयत्न आणि सहा ते आठ तास लागले.

हा दोष नवा नव्हता. 2006 मध्ये सीव्हीई-2006-5051 या क्रमांकाने तो नोंदवला गेला होता आणि दुरुस्तही झाला होता. ऑक्टोबर 2020 मधील एका बदलात हँडलरमधील धोकादायक नोंद टाळणारी अट अनवधानाने काढली गेली आणि 8.5पी1 या आवृत्तीपासून तो परत आला. 9.8पी1 मध्ये तो पुन्हा बंद करण्यात आला. ओपनबीएसडी या प्रणालीला त्याची बाधा झाली नाही, कारण तिथला हँडलर सिसलॉगची हँडलरमध्ये चालणारी वेगळी आवृत्ती वापरतो. ती 2001 पासून उपलब्ध होती.

चुकलेली जाग

फ्लॅग योग्य प्रकारचा असला तरी तो तपासण्याची पद्धत चुकू शकते. फ्लॅग लागलेला दिसला की आधी तो शून्य करावा आणि मग काम करावे. आधी काम करून शेवटी शून्य केला, तर कामाच्या दरम्यान आलेला दुसरा सिग्नल पुसला जातो. तसेही एकाच प्रकारचे अनेक सिग्नल प्रलंबित असतील तर सामान्य सिग्नलांच्या बाबतीत ते एकच धरले जातात, म्हणून सिगचाइल्ड एकदा आला तरी उपप्रक्रिया एकच संपली असे समजू नये.

फ्लॅग शून्य असेल तर पॉज फंक्शनने झोपावे, ही रचना अधिक फसवी आहे. फ्लॅग तपासल्यानंतर आणि झोपण्याआधीच्या निमिषात सिग्नल आला तर हँडलर आपले काम करून जातो आणि मुख्य थ्रेड कधीही न येणाऱ्या सिग्नलची वाट पाहत झोपतो. यावर पॉझिक्सचा उपाय असा, की सिगप्रॉकमास्कने सिग्नल आधी रोखून धरायचा, मग फ्लॅग तपासायचा आणि सिगसस्पेंडने रोख उठवणे व झोपणे एकाच अखंड क्रियेत करायचे. रोखलेला सिग्नल हरवत नाही, तो दाराशी थांबतो. अनेक चलांचा मोठा समूह बदलायचा असेल तेव्हाही तेवढ्यापुरता सिग्नल रोखणे हाच सर्वांत सोपा आणि विश्वसनीय मार्ग ठरतो. हँडलर नेमण्यासाठी मात्र जुन्या सिग्नल फंक्शनाऐवजी सिगॲक्शन वापरावे, कारण जुन्या फंक्शनाचे वर्तन युनिक्सच्या वेगवेगळ्या शाखांत वेगवेगळे होते.

दुसरा मार्ग चलाचीच गरज कमी करतो. आज्ञावली स्वतःसाठी एक पाइप उघडते, हँडलर त्यात एक बाइट लिहितो आणि मुख्य लूप इतर फायलींबरोबर त्या पाइपाकडेही लक्ष ठेवतो. या युक्तीचे श्रेय डॅनियल बर्नस्टाइन यांना दिले जाते. पाइप भरला तर हँडलर राइटमध्ये अडकू नये म्हणून त्याची दोन्ही टोके न थांबणाऱ्या रीतीने उघडावी लागतात. लिनक्सने 2007 मध्ये सिग्नलएफडी देऊन हेच काम कर्नलकडे सोपवले.

अनेक थ्रेड असताना

हँडलर संपूर्ण प्रक्रियेसाठी एकच असतो, पण तो कोणत्या थ्रेडवर चालेल हे ठरलेले नसते. कंट्रोल-सीने आलेला सिग्नल, ज्यांनी तो रोखलेला नाही अशांपैकी कोणत्याही एका थ्रेडला मिळतो. सिगसेगव्हीसारखा सिग्नल मात्र चूक करणाऱ्या थ्रेडलाच मिळतो. हँडलर एका थ्रेडवर चालला आणि फ्लॅग दुसऱ्याने वाचला, तर सिग_ॲटॉमिक_टीची हमी तिथे लागू होत नाही, कारण ती हँडलर आणि त्याने खंडित केलेला थ्रेड या जोडीपुरती आहे. अशा वेळी कुलूपमुक्त ॲटॉमिक चलच वापरावा लागतो आणि सिग्नलपुरते कुंपणही अपुरे पडते. सी मानकाच्या मते तर अनेक थ्रेड असलेल्या आज्ञावलीत सिग्नल फंक्शन वापरणेच अनिश्चित वर्तन आहे. या बाबतीत आधार पॉझिक्सचाच घ्यावा लागतो.

प्रत्यक्षात पुष्कळ सर्व्हर आज्ञावल्या हँडलर टाळतात. इतर थ्रेड निर्माण करण्यापूर्वी मुख्य थ्रेड पीथ्रेड_सिगमास्कने हवे ते सिग्नल रोखतो. नवे थ्रेड ही रोख वारशाने घेतात. मग एक थ्रेड केवळ सिगवेटमध्ये बसून राहतो. सिग्नल आला की सिगवेट त्याचा क्रमांक परत करते आणि तो थ्रेड आपले काम नेहमीसारखे करतो. त्याने कोणालाही मधोमध खंडित केलेले नसते, म्हणून त्याला म्यूटेक्स, मॅलॉक, प्रिंटएफ हे सारे वापरता येते.

कार्नेगी मेलन विद्यापीठातील सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटच्या सर्ट सी नियमावलीत हँडलरमध्ये सामायिक चलांना हात लावू नये, असा एसआयजी31-सी क्रमांकाचा नियम आहे आणि व्होलाटाइल सिग_ॲटॉमिक_टी व कुलूपमुक्त ॲटॉमिक चल हे त्याचे अपवाद आहेत. वाहनांमधील संगणकांसाठी प्रथम तयार झालेल्या मिस्रा सीच्या 2012 च्या आवृत्तीतील नियम 21.5 याहून कठोर आहे. त्यात सिग्नलविषयक शीर्षफाइल वापरण्यासच मनाई केली आहे.